गिरकीला जोर नको, इशारा हवा

प्रश्न : मी काही महिन्यांपासून साल्सा शिकतो आहे. गिरकी देताना जोडीदाराचा हात जोरात फिरवावा लागतो, नाहीतर ती वळतच नाही. परवा तिचा खांदा दुखावला. माझी ताकद कमी पडते की तंत्र चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताकदीचा इथे संबंधच नाही. गिरकी जोडीदार स्वतःच्या पायांवर घेते. तुम्ही फक्त दिशा आणि वेळ सांगायची. ती वळत नाही, कारण बहुधा इशारा उशिरा पोचतो.

साल्सात आठ मात्रांपैकी १-२-३ आणि ५-६-७ वर पावलं पडतात. तुम्ही ‘१’वर पुढे पाऊल टाकणारी शैली शिकत असाल, तर तिच्या साध्या उजव्या गिरकीसाठी ३ नंतर हात वर न्या; ती ५-६-७ मध्ये वळेल. हात तिच्या डोक्याच्या थेट वर ठेवा आणि लहानसं वर्तुळ काढा. बोटं सैल अडकवा, अंगठ्याने पकडू नका, म्हणजे तिचा हात तुमच्या बोटांत सहज फिरेल. दोघांच्याही हातांत हलका ताण हवा. हात अगदी ढिले असले तर इशारा पोचत नाही.

सरावासाठी संगीत बंद ठेवून, मात्रा मोजत, फक्त बोटांच्या टोकांनी गिरकी देऊन पाहा.

खांदा पूर्ण बरा होईपर्यंत गिरक्या टाळा, केवळ मूळ पावलं करा. दुखणं राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि प्रत्येक सरावानंतर ‘हात ओढला गेला का?’ हे तिला जरूर विचारा.