नाण्यावरचा डोंगर

सन १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी ह्या गावी चांदीच्या जुन्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. मोजदाद झाली तेव्हा नाणी तेरा हजारांच्या वर भरली. प्रत्येक नाणे सदऱ्याच्या बटणाहून थोडेसेच मोठे. परंतु त्या इवल्याशा चकतीवर एका मोठ्या युद्धाचा निकाल नोंदलेला होता.

ही नाणी मुळात क्षहरात वंशातील नहपान राजाची. एका बाजूस त्याचे मुख आणि दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, अशी त्यांची घडण होती. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. जिंकलेल्या मुलखात शत्रूच्या मुखाची नाणी खेळती राहावीत, हे कोणत्या विजेत्याला रुचेल? गौतमीपुत्राने तीच नाणी पुन्हा ठशाखाली घातली. जोगलटेंभीच्या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. कित्येकांवर खालचे नहपानाचे नाक वा कपाळ आजही पुसट दिसते.

ह्या दुसऱ्या ठशावर विजेत्याने आपले मुख कोरविले असते, तर त्यात नवल नव्हते. पण तेथे मुख नाही. तेथे आहे एकावर एक रचलेल्या कमानींचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी एक नागमोडी रेषा. मागील बाजूस अधिक-चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे जोडलेली आहेत; त्या आकृतीस उज्जयिनी चिन्ह म्हणतात. कमानींच्या आकृतीला पूर्वी काही विद्वान चैत्य म्हणत असत. आता पुष्कळ अभ्यासक तिला डोंगर व खालच्या रेषेला नदी मानतात, आणि तेच अधिक पटते. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा एक शिलालेख आहे. आपल्या पुत्राचे वर्णन करताना तिने त्याला विंध्य, सह्य, मलय, महेंद्र अशा अनेक पर्वतांचा स्वामी म्हटले आहे. ज्या मातेने पुत्राचा मोठेपणा पर्वतांच्या नावांनी सांगितला, त्या पुत्राच्या नाण्यावर डोंगर असावा, हे उचितच होय. सातवाहनांच्या इतर नाण्यांवरही सोंड उंचावलेला हत्ती, कठड्यातील वृक्ष, मासे पोहत असलेली नदी अशी चित्रे आढळतात.

आपल्या काळातही निसर्गाला नाण्यावर स्थान मिळाले आहे. १९८८ पासून पंचवीस पैशांच्या पोलादी नाण्यावर एकशिंगी गेंडा होता. अवघ्या १९ मिलिमीटरांच्या त्या नाण्यावर आसामच्या रानातील तो बलदंड प्राणी डौलाने उभा असे. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले, आणि त्याबरोबर गेंडाही गेला. पुढे व्याघ्र प्रकल्पास पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे पन्नास रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित करण्यात आले. १९७३ मध्ये आरंभी निवडलेल्या नऊ वनांत आपले मेळघाटही होते. स्वतंत्र भारतात स्मारक नाण्यांची प्रथा १९६४ पासून, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांनी सुरू झाली. असे पन्नास रुपयांचे नाणे मात्र बाजारात फिरत नाही. ते संग्राहकांच्या पेटीत जपून ठेवले जाते. भाजीवालीच्या पिशवीपासून शाळकरी मुलाच्या खिशापर्यंत हिंडलेल्या गेंड्याचा मान त्याहून थोर म्हणावा लागेल.

नाण्याचे चित्र काढणे कागदावर चित्र काढण्याहून अवघड असते. तेथे रंग नाही. जे सांगायचे ते उठावानेच सांगावयाचे. हा उठाव नाण्याच्या काठाहून उंच असून चालत नाही, नाहीतर नाणी एकावर एक नीट बसणार नाहीत आणि चित्रही लवकर झिजेल. ठसा उलटा कोरावा लागतो: नाण्यावर जे उंच, ते ठशात खोल, नाण्यावर जे उजवे, ते ठशात डावे. शिवाय एका बाजूस मध्यभागी फार मोठा उठाव दिला, तर धातू तिकडे ओढला जातो व मागील बाजूचे चित्र अपुरे उमटते. म्हणून कलावंत आधी मोठा नमुना घडवितो, मग यंत्राच्या साहाय्याने तो लहान करतो, आणि प्रत्येक टप्प्यावर एखादी रेषा गाळतो. काय ठेवावे, यापेक्षा काय सोडावे, हेच त्याला अधिक वेळा ठरवावे लागते.

आता हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा ह्या गावाचे उदाहरण घ्या. ह्या मुलखाच्या निसर्गाचा गौरव करणारे नाणे काढावयाचे झाले, तर त्यावर काय असावे? पैनगंगा आहे, तिला मिळणारी कयाधू आहे. काळी जमीन आहे, तीत पिकणारी हळद आहे, फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस आहे. पण पळसाचा केशरी रंग चांदीत उतरणार नाही, आणि हळदीचा पिवळा रंगही नाही. हळदीचे रुंद पान मात्र उतरेल; तिच्या पेरापेरांच्या गाठीही उतरतील. डोंगर तर गावाच्या नावातच बसलेला आहे. दोन-तीन कमानी आणि त्यांखाली एक वळणदार रेषा एवढ्यावर काम भागेल काय? तसा डोंगर कोठलाही असू शकेल, आणि तशी नदीही. हा प्रश्न गौतमीपुत्राच्या कारागिरापुढेही असला पाहिजे; कारण त्याने डोंगराच्या भोवती, काठालगत, ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव कोरले आहे, आणि त्या नावात मातेचे नाव आधी येते.