आधी अर्ज, मग टाळ्या!

मित्रांनो, प्रोजेक्ट एक्झिबिशन जवळ आलं की होस्टेलवर रात्ररात्र सोल्डरिंग चालतं. मॉडेल तयार होतं, पोस्टर लागतं, परीक्षक पाठ थोपटतात. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, याचं पेटंट घे ना!" पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. असं का, हे कळावं म्हणून मी पेटंट कायदा, १९७० चाळला. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं इथे मांडतो.

पेटंटसाठी शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचणारा नको आणि उद्योगात वापरता येणारा हवा. यातली 'नवा' ही अट मोठी फसवी! अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट लोकांपुढे आली असेल, तर ती नवी राहत नाही. मग ती तुम्ही स्वतःच का मांडलेली असेना.

हळदीची लढाई आपल्याला ठाऊक आहेच. हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. ही माहिती आधीच छापून आलेली आहे, हे सीएसआयआरने दाखवून दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ज्या नियमाने हळद वाचली, तोच नियम आपल्या पोस्टरलाही लागतो.

आता उलट बाजू पाहा. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी डीएनए जोडण्याची पद्धत नोव्हेंबर १९७३ मध्ये निबंधात छापली. अमेरिकेत अशा वेळी वर्षभराची सवलत मिळते. ती संपता संपता, ४ नोव्हेंबर १९७४ ला, अर्ज गेला. त्यातून पुढे सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले. पण परदेशांतला हक्क निबंध छापला तेव्हाच गेला होता.

आपल्याकडे सवलत आहे, पण अरुंद. कलम ३१ नुसार केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. कॉलेजचं साधं टेकफेस्ट त्यात बसत नाही.

मग उपाय काय? प्रोव्हिजनल अर्ज! शोध कसा चालतो ते आकृत्यांसह लिहून अर्ज केला की तारीख आपल्या नावावर लागते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. नाही दिला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला, तर मूळ फी १६०० रुपये. चौघांचा ग्रुप असेल तर माणशी ४००! महाराष्ट्र-गोव्याचं काम मुंबईचं पेटंट ऑफिस बघतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिल्या अर्जात जे लिहिलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून हात आखडू नका. आणि अर्जाआधी कुठल्या कंपनीला मॉडेल दाखवायचंच असेल, तर गुप्ततेचा करार लेखी करून घ्या.

काही जण म्हणतील, ज्ञान लपवायचं कशाला? पण पेटंट म्हणजे लपवाछपवी नव्हेच. साधारण १८ महिन्यांनी पेटंट ऑफिसच अर्ज जाहीर करतं. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. तेव्हा मंडळी, पोस्टर छापायला टाकण्याआधी एकदा गाइड सरांशी बोला, अर्ज भरा नि मग खुशाल स्टॉल मांडा.