हिमस्तर आणि समुद्राची पातळी : भूगोलाच्या पाठासाठी विवेचन

ध्रुवांकडील बर्फ वितळले म्हणजे जग बुडेल, हे वाक्य आता खेड्यातील मुलांच्याही कानांवर पडलेले असते. वर्गात हा विषय निघाला की एखादा चौकस विद्यार्थी ‘मुंबई केव्हा बुडणार?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. शिक्षकाने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, तसेच मुलांच्या मनात धास्तीही उत्पन्न करू नये. पाणी किती वाढेल आणि किती वेगाने वाढेल हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे प्रथम स्पष्ट करावे.

ग्रीनलंडवरील सर्व बर्फ वितळले तर समुद्राची पातळी सुमारे 7 मीटर वाढेल. अंटार्क्टिकावरील सर्व बर्फ वितळले तर सुमारे 58 मीटर. हे आकडे मुलांना फार आवडतात. परंतु त्यांत काळाचा हिशेब मुळीच नाही. ग्रीनलंडचा हिमस्तर सरासरी दीड किलोमीटरहून अधिक जाड असून तो समूळ नाहीसा होण्यास हजार वा त्याहून अधिक वर्षे लागतील, असे शास्त्रज्ञ मानतात.

कोणते बर्फ पातळी वाढविते हे दाखविण्यास दोन पेले पुरतात. एका पेल्यात पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत ठेवावेत. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवावे. दोन्हींच्या पातळीवर खूण करावी. बर्फ विरघळल्यावर पहिल्या पेल्यातील पातळी होती तेथेच राहते, दुसऱ्यातील वर चढते. उत्तर ध्रुवाभोवतीचे समुद्रावरील बर्फ पहिल्या पेल्यासारखे. ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांच्या भूमीवरील बर्फ दुसऱ्या पेल्यासारखे होय.

यानंतर फळ्यावर एक गणित घ्यावे. पृथ्वीवरील समुद्रांचे क्षेत्रफळ सुमारे 36 कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यावर केवळ 1 मिलिमीटर पाणी चढवावयाचे तर 360 घनकिलोमीटर पाणी लागते. आपले कोयना धरण तुडुंब भरले म्हणजे त्यात सुमारे 105 टीएमसी, म्हणजेच 3 घनकिलोमीटर पाणी असते. तेव्हा समुद्राच्या एका मिलिमीटरास 120 कोयना लागतात! उपग्रहांच्या साहाय्याने 2002 पासून झालेल्या मोजणीनुसार ग्रीनलंड दरवर्षी सरासरी सुमारे 270 अब्ज टन व अंटार्क्टिका सुमारे 150 अब्ज टन बर्फ गमावीत आले आहे. एक अब्ज टन पाणी म्हणजे एक घनकिलोमीटर. येथून पुढचा भागाकार मुलांनीच करावा.

1901 ते 2018 या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. 1971 पर्यंत हा वेग वर्षाला 1.3 मिलिमीटर होता. 2006 ते 2018 या काळात तो 3.7 मिलिमीटर झाला. ही सर्व वाढ हिमस्तरांमुळे झालेली नाही. पाणी तापले की प्रसरण पावते, आणि पर्वतांवरील हिमनद्याही आटत आहेत. तथापि हिमस्तरांचा वाटा वाढत चालला आहे, आणि खरी चिंता तेथेच आहे.

कारण हिमस्तर नुसता वितळत नाही, तो वाहतो. स्वतःच्या भाराने तो समुद्राकडे सरकत असतो आणि त्याचा पुढील भाग पाण्यावर तरंगत मागील बर्फास अडवून धरतो, जसा उतारावरील गाडीच्या चाकाखाली ठेवलेला दगड. 2002 साली अंटार्क्टिकातील ‘लार्सन बी’ हा असा तरंगता भाग अवघ्या काही आठवड्यांत फुटून गेला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 3,250 चौरस किलोमीटर होते. गोव्याहून थोडेच लहान. पहिल्या पेल्याच्या नियमाने त्यामुळे पातळी वाढली नाही. पण चाकाखालचा दगड गेला, आणि मागील हिमनद्या पूर्वीच्या कित्येक पट वेगाने समुद्रात उतरू लागल्या.

पश्चिम अंटार्क्टिकाची अडचण याहून बिकट आहे. तेथील बर्फ ज्या तळावर टेकले आहे तो तळ समुद्रसपाटीच्या खाली असून आत जावे तसा अधिक खोल होतो. समुद्राचे उबदार पाणी खालून बर्फ खाते, कड मागे सरते, आणि मागे सरावी तो अधिक जाड बर्फ पाण्यासमोर येते. जॉन मर्सर या शास्त्रज्ञाने 1978 मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. तेथील थ्वेट्स या एकाच हिमनदीत समुद्र सुमारे 65 सेंटिमीटर वाढविण्याइतके बर्फ आहे.

हे किती लवकर घडेल याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार, कोळसा व तेल यांचे ज्वलन झपाट्याने आटोक्यात आणल्यास 2100 पर्यंत 28 ते 55 सेंटिमीटर, आणि ते वाढतच राहिल्यास 63 सेंटिमीटर ते 1 मीटर वाढ संभवते. हिमस्तर अनपेक्षितपणे ढासळल्यास 2 मीटरच्या जवळपासची वाढही अशक्य मानता येत नाही. पूर्वी असे वेग पृथ्वीने पाहिले आहेत. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी पाचशे वर्षांहून कमी काळात समुद्र पंधरा मीटरच्या आसपास चढला, असे बार्बाडोस व ताहिती येथील प्रवाळांवरून दिसते. अर्थात त्या काळी उत्तर अमेरिका व युरोप यांवरही प्रचंड हिमस्तर होते, म्हणून तो वेग आज जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

‘भरती तर रोजच कित्येक फूट चढते, मग अर्ध्या मीटरचे काय?’ असा प्रश्न कोकणातील मुले हटकून विचारतील, आणि तो योग्यच आहे. मुंबईस उधाणाची भरती साडेचार मीटरांवर जाते. परंतु खारबंधारा बांधताना त्याची उंची त्या उधाणाच्याच मापाने ठरविलेली असते. समुद्राची सपाटीच अर्धा मीटर वर आली तर जे पाणी पूर्वी क्वचित बंधाऱ्यावरून येई, ते वारंवार येऊ लागते. आणि भातखाचरात एकदा खारे पाणी शिरले म्हणजे त्या जमिनीत पुन्हा भात पिकविणे किती कठीण, हे मुलांच्या आईवडिलांस सांगावे लागत नाही. किनाऱ्यावरील शाळांनी अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, गावातील जाणत्या माणसास बरोबर घेऊन, पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापासून किती खाली राहते ते मोजावे आणि तारखेसह शाळेच्या वहीत नोंदवून ठेवावे. वही पुढील वर्गाच्या शिक्षकाकडे सुपूर्द करावी.