दवाखान्यातील शब्द : एक अनामत

मनुष्य आपल्या घराची दारे लावून जे जपतो, ते तो डॉक्टरांसमोर स्वतःहून उघड करतो. अंगावरची जखम, दांपत्यजीवनातील अडचण, जडलेले व्यसन, मनाला ग्रासणारी भीती, असे पुष्कळ काही असते जे सख्ख्या आईलाही सांगवत नाही. पण आजारपणात ते एका परक्या माणसाला सांगावे लागते. आजार माणसाला इतका अगतिक करतो. म्हणूनच दवाखान्यात उच्चारलेला शब्द हा साधा शब्द राहत नाही. इस्लामच्या दृष्टीने ती अनामत असते, आणि प्रत्येक अनामतीचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागणार आहे.

आपल्या वस्त्यांतील अनेक दवाखान्यांचे चित्र मात्र निराळे असते. लहानशी खोली, मध्ये पातळ पडदा आणि बाकावर दाटीने बसलेले शेजारीपाजारी. कंपाउंडर मोठ्याने नाव पुकारतो आणि कशाची तपासणी करायची आहे, तेही त्याच दमात विचारतो. तपासणीचा अहवाल उघड्या कागदासारखा या हातातून त्या हातात जातो. संध्याकाळपर्यंत ती बातमी मोहल्लाभर झालेली असते. मग कोणाच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते, कोणाची रोजी जाते. एखादा क्षयरोगी औषधे मध्येच सोडून देतो, कारण त्या दवाखान्याच्या पायरीवर कोणाच्या नजरेस पडणेच त्याला नकोसे वाटते. ही हानी रोगाने केलेली नसते, ती जिभेने केलेली असते.

अनामत केवळ पैशांची नसते

अनामती त्यांच्या हक्कदारांना पोहोचत्या करा, अशी आज्ञा पवित्र कुरआनने दिली आहे (सूरह अन्-निसा, ४:५८). अनामत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी ठेवायला दिलेली रक्कम किंवा दागिने येतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हा अर्थ पुष्कळ व्यापक केला. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) असे शिकवले की, एखादा माणूस काही बोलला आणि बोलताना त्याने इकडेतिकडे वळून पाहिले, तर ती गोष्ट अनामत झाली (अबू दाऊद, तिर्मिजी).

या शिकवणीतील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या माणसाने शपथ घातलेली नाही, कोणाला सांगू नका असेही म्हटलेले नाही. त्याने फक्त मान वळवून पाहिले. त्याच्या मनातील संकोच ओळखणे, ही ऐकणाऱ्याची जबाबदारी ठरली. रुग्ण तर याहून अधिक करतो. तो इतरांची पाळी जाऊ देतो, आवाज खाली आणतो, पडदा नीट ओढला आहे ना हे पाहतो. आता आणखी कोणत्या सूचनेची वाट पाहायची?

हजरत अनस (रजि.) आणि त्यांची माता

हजरत अनस (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. एकदा ते मुलांसमवेत खेळत असताना प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठवले. घरी परतायला उशीर झाला. त्यांची माता हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी उशिराचे कारण विचारले. प्रेषितांनी (स.) कामाला पाठवले होते, असे मुलाने सांगितले. कोणते काम, असे विचारताच तो उत्तरला की ते गुपित आहे. त्यावर माता रागावली नाही, तिने आग्रहही धरला नाही. उलट, प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, असेच तिने मुलाला बजावले. पुढे वय झाल्यावरही हजरत अनस (रजि.) यांनी आपल्या जवळच्या शिष्याला ती गोष्ट सांगितली नाही (सहीह मुस्लिम).

या प्रसंगात मुलाइतकीच माताही थोर आहे. गुपित राखणारा माणूस एकट्याने घडत नाही, त्याला घडवणारे घर असावे लागते. ज्या घरातील मुलगी परिचारिका आहे, मुलगा औषधाच्या दुकानात बसतो किंवा सून डॉक्टर आहे, त्या घरात रात्रीच्या जेवणाला आज कोण आले होते, त्याला काय झाले आहे, असे प्रश्न विचारले जातात काय? विचारले जात असतील, तर अनामतीला पहिला तडा आपणच पाडत आहोत.

नजरेचीही मर्यादा

एकदा एका माणसाने प्रेषितांच्या (स.) घरात भोकातून डोकावून पाहिले. त्या वेळी प्रेषितांनी (स.) त्याला कडक शब्दांत समज दिली आणि परवानगी घेण्याचा नियम नजरेसाठीच आहे, हे स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). दार असूनही नजर आत शिरली, तर दाराचा उपयोग काय? तपासणीच्या खोलीलाही हाच न्याय लागू होतो. डॉक्टरांनी उपचाराला आवश्यक तेवढेच पाहावे, आवश्यक तेवढेच विचारावे. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील, तर तिच्या विश्वासाची व्यक्ती जवळ असावी. रुग्णाचे छायाचित्र मोबाइलवर काढून गटात पाठवणे, हेही त्याच भोकातून डोकावणे आहे. फरक इतकाच की आता एका नजरेच्या जागी शेकडो नजरा आत शिरतात.

जे सांगितले ते खरेच होते ना?

गुपित फोडणाऱ्याचा हा नेहमीचा बचाव असतो. पण निंदा (गीबत) म्हणजे काय, याचा खुलासा प्रेषितांनी (स.) करून ठेवला आहे. आपल्या बंधूविषयी त्याला न आवडणारी खरी गोष्ट त्याच्या पाठीमागे सांगणे, हीच गीबत. ती खोटी असेल तर तो त्याहून मोठा अपराध, म्हणजे बोहतान होय (सहीह मुस्लिम). गोष्ट खरी आहे, एवढ्याने ती सांगण्याचा अधिकार मिळत नाही.

अपवाद आणि त्याची सीमा

आपल्या देशातील डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांतही हेच बंधन आहे. व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपिते उघड करू नयेत. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले आजार, हेच त्याला अपवाद आहेत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही १९९३ मध्ये ब्रुनेई येथील अधिवेशनात वैद्यकीय गुपितांविषयी ठराव केला. गुपित राखणे हा मूळ नियम; ते राखल्याने होणारी हानी ते उघड केल्याने होणाऱ्या हानीपेक्षा मोठी असेल तेव्हाच अपवाद, असा त्याचा आशय आहे.

मात्र अपवाद म्हणजे मोकळीक नव्हे. क्षयरोगाची नोंद आरोग्य विभागाकडे करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती नोंद आरोग्य विभागासाठी असते, गल्लीसाठी नव्हे. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने तर पायऱ्याच घालून दिल्या आहेत. रुग्णाने जोडीदाराला स्वतः सांगावे म्हणून आधी त्याला समुपदेशन करायचे. तो सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर मोठा धोका असला, तर आपला इरादा रुग्णाला कळवून डॉक्टर किंवा समुपदेशकाने जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून सांगायचे. ज्याला धोका आहे त्यालाच, आणि तेवढेच. सासरमाहेरच्या नातलगांचा येथे काहीही हक्क नाही.

आपण काय करावे?

डॉक्टर बंधुभगिनींनी खोलीचे दार आणि कर्मचाऱ्यांची जीभ, या दोहोंची काळजी घ्यावी. कंपाउंडरने नाव पुकारावे, आजार पुकारू नये. अहवाल रुग्णाच्याच हाती द्यावा. सोबत गेलेल्या नातलगाने थोडा वेळ बाहेर थांबण्यात अपमान मानू नये. एखादी सून सासूसमोर जे बोलू शकत नाही, त्यातच तिच्या दुखण्याचे मूळ असू शकते. बाकावर बसलेल्याच्या कानी काही पडले, तर तेही त्याच्याकडे अनामत म्हणून आले आहे असे समजावे.

आजाऱ्याची भेट घेणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. जावे, धीर द्यावा, दुआ करावी, लागेल ती मदत करावी. परंतु नेमके काय निघाले, अहवाल दाखवा, असा तगादा लावणे सुन्नतीत बसत नाही.

जो आपल्या बंधूची उणीव झाकतो, त्याच्यावर अल्लाह कयामतच्या दिवशी आवरण घालील, अशी शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे (बुखारी, मुस्लिम). त्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येक जण आपली सारी दुखणी घेऊन उघडा उभा असेल आणि त्या आवरणाची गरज आपल्याला कोणत्याही रुग्णापेक्षा अधिक असेल. अल्लाह आपल्या जिभांना आणि नजरांना अनामतदार बनवो, सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.