वणव्याचा पहिला धूर : एक पाठ

इयत्ता : 5 वी. विषय : परिसर अभ्यास. वेळ : 40 मिनिटे.

उद्देश : धूर व धुरासारखे दिसणारे पदार्थ यांतील भेद निरीक्षणाने ओळखणे, तो भेद यंत्र कसे शिकते हे समजणे, वणवा दिसताच काय करावे हे जाणणे.

प्रस्तावना : डिसेंबर 2024 मध्ये येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने वाघ टिपला, हे मुलांच्या ऐकिवात असेल. तेथून आरंभ करून शिक्षकांनी विचारावे, “हा कॅमेरा डोंगरावरचा धूर ओळखील काय?” तो ओळखणार नाही. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या उष्णतेने व हालचालीने तो चालू होतो. दूरच्या धुरासाठी चित्र पाहून निर्णय करणारे यंत्र हवे.

विषयप्रतिपादन : 15 फेब्रुवारी ते 15 जून हा महाराष्ट्रातील वणव्यांचा हंगाम होय. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना पाठविते. परंतु असे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच माथ्यावरून जातात. मनोऱ्यावरील कॅमेरा सतत पाहतो. पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024 साली किरंगीसर्रा येथील टेहळणी मनोऱ्यावर असा कॅमेरा बसविण्यात आला. त्याची नजर सुमारे 15 किलोमीटर पोहोचते.

अशा यंत्रास ‘हा धूर’, ‘हा धूर नव्हे’ अशी नोंद केलेली हजारो चित्रे दाखवितात. त्यांवरून ते भेद शिकते. काही यंत्रांत हा निर्णय कॅमेऱ्यातील लहान संगणकच करतो. मग सगळे चित्र दूर पाठवावे लागत नाही. एक छोटा संदेश पुरतो. जेथे मोबाइलची रेंज क्षीण, तेथे याचे महत्त्व अधिक.

कृती : फळ्यावर धूर, धुके, धुरळा व ढग हे शब्द लिहून मुलांकडून खुणा काढून घ्याव्यात. धुराचे मूळ एका जागी असते व वर तो पसरतो. धुरळा गाडीमागे सरकतो. धुके ऊन चढताच विरते. नंतर विचारावे, “यंत्रास केवळ दुपारची चित्रे दाखविली, तर सकाळी काय होईल?” धुक्यास धूर समजून ते फसेल. “खोटी सूचना वाईट, की सुटलेली आग?” यावर मुलांस मोकळेपणी बोलू द्यावे.

सूचना : यंत्र धूर पाहते; आग विझवीत नाही. आरंभीची आग थोड्या माणसांना आवरते. उतारावरून वर धावू लागली की आवरत नाही. यंत्र वाचविते ती ही मधली मिनिटे. शिवाय बहुतेक वणवे मनुष्याच्याच हातून लागतात. बांधावरचे गवत वा उसाचे पाचट पेटविण्याची गोष्ट मुलांनी घरी काढावी, असे सुचवावे. धूर दिसताच मुलाने आगीकडे धावू नये. मोठ्या माणसास सांगावे. मोठ्यांनी वनविभागास 1926 या क्रमांकावर कळवावे.

स्वाध्याय : तीन दिवस सकाळी व सायंकाळी गावाभोवतीची क्षितिजरेषा पाहून, धुरासारखे काय दिसले व ते काय निघाले, याची नोंद करा.