कात्री कुठे लावायची

कोल्हापूर, रविवार

चि. मनूस,


काल रात्री दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मनूच्या गाडीचा विमा यंदा १९ हजारांवर गेलाय, गेल्या वर्षी १४ होता. ती म्हणते, नुसती थर्ड पार्टी काढते आणि बाकीचं सोडून देते." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत, मोटार पॉलिसी आणि क्लेमच्या टेबलावर गेली. "बाकीचं सोडून दिलं" म्हणणारी माणसं नंतर त्याच टेबलासमोर कशी उभी राहतात, ते मी पाहिलं आहे. फोनवर सांगितलं तर तू "हो आत्या" म्हणशील आणि कामाच्या गडबडीत विसरशील. कागदावर असलं म्हणजे पॉलिसी रिन्यू करताना शेजारी ठेवता येईल.

आधी ही वाढ कुठून आली ते बघ. तू गाडी नवी घेतलीस तेव्हा तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच भरली होतीस. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला ते सक्तीचं झालं. शोरूमच्या भल्यामोठ्या बिलात ती रक्कम तुझ्या ध्यानातही आली नसेल. मधली दोन वर्षं तू फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता भरत होतीस. आता तीन वर्षं संपली, आणि थर्ड पार्टी पुन्हा बिलात आली. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत. वर १८ टक्के जीएसटी धरला की ४,०३१. तुझ्या पाच हजारांच्या वाढीतले चार इथेच गेले. हा दर केंद्र सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना तोच. तिथे घासाघीस करून कुणालाच काही कमी मिळत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नकोस.

उरलेली वाढ ओन डॅमेजमधली, आणि तिला कारणं आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा चेपलेला पत्रा डेंटर ठोकून सरळ करायचा, पुट्टी आणि रंग मारला की काम संपलं. आता बंपरमध्ये सेन्सर, पुढच्या काचेमागे कॅमेरा, आणि हेडलाइटला तडा गेला की अख्खा संच बदलायचा. त्यात दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातल्या शेकडो गाड्या पाण्याखाली जातात. हा खर्च कंपन्या शेवटी हप्त्यातच घालतात. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले आहेत, त्यामुळे एकाच गाडीला दोन कंपन्यांच्या आकड्यांत हजारोंचा फरक पडू शकतो. खरी बचत शोधायची ती याच भागात.

पण मनू, नुसती थर्ड पार्टी ठेवणं म्हणजे हा भाग अख्खा कापणं. थर्ड पार्टी तुझ्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्यासाठी असते. रस्त्यावरच्या कुणाचा जीव गेला किंवा कुणी जायबंदी झालं, तर भरपाईला मर्यादा नाही. म्हणून कायद्यानं ती सक्तीची केली आहे आणि ती तशी असायलाच हवी. तुझी स्वतःची गाडी मात्र त्यात एका रुपयानेही येत नाही. दादाच्या चौदा वर्षांच्या गाडीला नुसती थर्ड पार्टी ठेव, असं मीच सांगितलं होतं. ती गाडी उद्या चोरीला गेली तर त्याला वाईट वाटेल, पण घर हलणार नाही. तुझी गाडी आज साडेचार लाखांची आहे आणि तिचे दोन वर्षांचे ईएमआय बाकी आहेत. गाडी गेली तरी बँकेचा हप्ता थांबणार नाही. शिवाय कर्जाचे कागद काढून बघ, पूर्ण विमा ठेवण्याची अट त्यात बहुधा असतेच.

माझं सांगणं एवढंच आहे. जे नुकसान तुला खिशातून सोसेल ते तू सोस, आणि जे सोसणार नाही ते विम्यावर टाक. लोक याच्या नेमकं उलट करतात. ओरखड्यासाठी क्लेम टाकतात आणि पुरासाठीचं कव्हर काढून टाकतात.

ओरखड्यावरून आठवलं. गेल्या महिन्यात गेटच्या खांबाला दार घासलं, गॅरेजवाल्यानं ७ हजार सांगितले आणि वर म्हणाला, "मॅडम, झिरो डेप आहे, क्लेम टाका," हे तूच सांगितलं होतंस. अजून टाकला नसशील तर टाकू नकोस. हिशेब मांडून दाखवते. तीन वर्षं तू एकही क्लेम घेतलेला नाहीस, म्हणून यंदा ओन डॅमेजच्या मूळ हप्त्यावर तुला ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, आहे. पुढच्या वर्षी ४५, मग ५० आणि तिथून पुढे ५०च. आत्ता क्लेम घेतलास की यंदा शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. मूळ हप्ता १२ हजार धरला तर यंदाच ४,२०० रुपये जास्त जातील. पुढच्या चार वर्षांतला फरक मिळवला, आणि गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो हेही धरलं, तरी दहा हजारांच्या वर जातात. हातात मिळणार किती? सात हजारांतले पहिले हजार सक्तीनं तुलाच भरायचे, म्हणजे सहा हजार. सहा हजार घेऊन दहा हजार द्यायचे. गॅरेजवाल्याला हे सांगायचं कारण नाही, त्याला काम मिळालं की झालं. तुला मात्र कळायला हवं. दार आपल्या पैशानं करून घे, किंवा ओरखडा राहू दे तसाच.

एकदा हे ठरलं की पुढची वाट सोपी आहे. लहान क्लेम घ्यायचेच नाहीत, तर ते मिळण्यासाठी हप्ता तरी का भरायचा? "पहिले अडीच हजार" किंवा "पहिले पाच हजार मी भरीन" असं आपण होऊन मान्य केलं की कंपनी हप्त्यात सूट देते. व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात त्याला. प्रत्येक कंपनीला त्याचा आकडा वेगळा विचार. सूट दोन-तीनशेच रुपये असेल तर नको, हजाराच्या घरात असेल तर घे.

आता कोटेशनमधली बाकीची यादी. दादानं मला फोटो पाठवला आहे. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून तुझ्याकडे आधीच आहे का ते बघ, असेल तर इथलं काढून टाक. किल्ली हरवण्याचं, गाडीतल्या सामानाचं, टायरचं कव्हर काढून टाक. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर बिलाची पूर्ण किंमत देणारं कव्हर, तीन वर्षांनंतर बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, मिळालं तरी त्याला इतके पैसे नकोत. १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा दोन गाड्यांवर दोनदा लागत नाही. तुझ्या स्कूटरच्या पॉलिसीत तो चालू असेल तर कारच्या पॉलिसीतून वगळायला सांग. झिरो डेप मात्र अजून दोन वर्षं ठेव. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुलाच भरावे लागतात, आणि आजच्या गाडीत प्लास्टिक किती असतं ते तू रोज बघतेस.

आणि इंजिन प्रोटेक्ट. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, ते तुला आठवत असेल, तेव्हा तुम्ही सगळे इथेच होतात. पाणी उतरल्यावर आमच्या ऑफिसात दारापर्यंत रांग लागली होती. त्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची गाडी चार दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मुलानं, चालू होते का बघू, म्हणून किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, इंजिन जागच्या जागी अडकलं. सीट, वायरिंग, साफसफाई यांचे पैसे मिळाले. इंजिनाचे मिळाले नाहीत, कारण ते पुरानं नाही, पाणी असताना चालू केल्यानं गेलं, असं नियम सांगतो. त्यासाठीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. त्यांनी आदल्या वर्षीपर्यंत ते घेतलं होतं आणि त्या वर्षी नऊशे रुपये वाचवायला काढून टाकलं होतं. ती पॉलिसी माझ्याच टेबलावरून रिन्यू झाली होती. "सर, घर नदीपासून किती लांब आहे?" एवढंच मी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नव्हतं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. फाइल उचलली आणि गेले. आज सहा वर्षांहून जास्त झाली, तरी कोटेशनमध्ये ती ओळ कापलेली दिसली की मला ते पाठमोरे दिसतात.

तू सिंहगड रस्त्याला राहतेस, गाडी बेसमेंटला उभी करतेस. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकता नगरीत पाणी शिरलं, ते तुझ्या घरापासून फार लांब नव्हतं. इंजिन प्रोटेक्टची ओळ कापायची नाही. आणि कव्हर असलं तरी पाण्यातून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. बॅटरी सोडवायची, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलून न्यायला लावायची.

कोटेशन मागवताना एक फसगत सांभाळ. एखादा आकडा एकदम दोन हजारांनी कमी दिसला तर आधी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, बघ. तीन वर्षं झालेल्या गाडीला ४० टक्के घसारा लावतात. तुझी साडेसात लाखांची होती, म्हणजे साडेचार लाख यायला हवेत. ते ३ लाख ८० हजार करून हप्ता कमी दाखवला असेल, तर ती स्वस्ताई नव्हे. गाडी चोरीला गेली तर ७० हजार तुझे गेले. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे आकडा उतरवला की ती वेळही लवकर येते. म्हणून सगळ्यांकडून एकाच आयडीव्हीवर आणि एकाच यादीवर आकडे माग, मग शेजारी शेजारी ठेव.

शोरूमचा माणूस सांगेल, दुसरीकडून घेतलंत तर कॅशलेस होणार नाही. विमा त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. कॅशलेस हे कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. तू ज्या वर्कशॉपला गाडी नेतेस तिथल्या विम्याच्या खिडकीवर विचार, कोणत्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं, आणि त्याच कंपन्यांतून निवड. तू हिंजवडीला ऑफिसच्या बसनं जातेस. वर्षाला गाडी पाच-सहा हजार किलोमीटरच चालत असेल तर किलोमीटरवर हप्ता ठरणाऱ्या पॉलिसीचाही आकडा घे. फक्त ठरलेले किलोमीटर संपले तर काय होतं, ते लेखी घे.

आणि तारीख चुकवू नकोस. चार-पाचशे वाचवण्याच्या नादात पॉलिसी एक दिवस जरी खंडित झाली, तर त्या दिवशी गाडी विम्याविना, आणि नंतर तपासणी झाल्याशिवाय कुणी घेत नाही. ९० दिवस गेले की तीन वर्षांचा एनसीबीही गेला. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. उद्या गाडी विकलीस तर त्याचं पत्र कंपनीकडून मागून घे, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो.

तुझी मुदत या महिन्याच्या २८ ला संपते, असं फोटोत दिसतंय. निदान तीन कोटेशन या आठवड्यात मागव आणि मला पाठव. आयडीव्ही साडेचार लाख, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, बाकी काही नाही. मी चष्मा लावून ओळन् ओळ वाचीन आणि बुधवारी रात्री नऊनंतर फोन करीन. वहिनींना नमस्कार सांग. दादाला म्हणावं, कोल्हापूरला येताना मनूच्या जुन्या पॉलिसीची प्रत घेऊन ये.

तुझी,
आत्या