पंचेचाळीस दिवस हातचे जाऊ देऊ नका

अमेरिकेत फेडरल सरकारच्या नोकरीत नव्याने रुजू झालेल्या मराठी मंडळींसाठी हे टिपण आहे. वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँड आणि व्हर्जिनियात अनेक वर्षे राहिलेल्या कुटुंबांकडून ते गोळा केले आहे. त्यांच्यातले कुणी संशोधन संस्थेत आहे, कुणी पेटंट तपासते, कुणी माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. पगाराची श्रेणी, रजा, आरोग्यविमा, पेन्शन यांबद्दल नवख्या माणसाला सगळेच भरभरून सांगतात. ऑफिसात भेदभाव झाला तर किती दिवसांत दाद मागायची, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ज्यांना ते उशिरा कळले, त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे की नाही हे कुणी तपासलेसुद्धा नाही. तक्रार मुदतबाह्य ठरली आणि विषय तिथेच संपला.

कोणता नियम कुणाला

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे संरक्षण १९७२ मध्ये फेडरल कर्मचाऱ्यांनाही मिळाले. वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश, अपंगत्व, जनुकीय माहिती किंवा चाळिशीनंतरचे वय यांवरून नोकरीत वेगळी वागणूक देता येत नाही. तक्रार केली म्हणून सूड उगवणे हाही स्वतंत्र भेदभावच मानला जातो. आपल्या लोकांच्या बाबतीत अनेकदा उच्चारांचा प्रश्न येतो. इंग्रजी बोलण्याची ढब कामाच्या आड खरोखरच येत नसेल, तर तिच्यावरून बढती नाकारणे हा मूळ देशावरून केलेला भेदभाव ठरू शकतो.

पुढच्या मुदती फेडरल कर्मचाऱ्यांना आणि फेडरल नोकरीसाठी अर्ज केलेल्यांना लागू आहेत. प्रोबेशनवरचा माणूसही त्यात येतो. खासगी कंपनीत, राज्य सरकारात किंवा काउंटीच्या शाळेत नोकरी असेल तर रस्ता वेगळा आहे. तिथे थेट समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, १८० दिवसांत आणि बहुतेक राज्यांत ३०० दिवसांत जाता येते. नवरा खासगी कंपनीत आणि बायको फेडरल नोकरीत अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. नवऱ्याच्या ऑफिसातला ३०० दिवसांचा हिशेब बायकोच्या तक्रारीला लावला, तर घात होतो. कंत्राटदारामार्फत सरकारी ऑफिसात बसणाऱ्यांनी दोन्ही वाटांची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी.

पहिली मुदत: ४५ दिवस

घटना घडल्यापासून ४५ दिवसांच्या आत आपल्याच खात्यातल्या ईईओ, म्हणजे समान रोजगार संधी, समुपदेशकाशी संपर्क साधावा लागतो. बदली, पदावनती, बडतर्फी अशी कारवाई असेल तर ती लागू झाल्याच्या तारखेपासून दिवस मोजतात. तरीही आमचा सल्ला असा, की निर्णय कानावर आला त्या दिवसापासूनच मोजा. दिवस कॅलेंडरचे असतात, कामाचे नव्हेत. शनिवार-रविवारही त्यात धरतात. घटनेचा दिवस सोडून दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू होते. समजा, ३ मार्चला बढती नाकारल्याचे पत्र हातात पडले, तर शेवटचा दिवस १७ एप्रिल.

आपली माणसे नेमकी इथेच अडकतात. आधी साहेबांशी बोलू, मग त्यांच्या वरच्यांना लिहू, एखादे स्मरणपत्र देऊ, उगाच कशाला वाद वाढवायचा, ही आपल्या हाडीमाशी मुरलेली रीत. मेरीलँडमधल्या एका ताईंना मुलाखतीनंतर ऐकवले गेले, की तुमचे बोलणे लोकांना समजत नाही. त्यांनी वरिष्ठांना सविस्तर मेल पाठवला. वरिष्ठांनी ‘लक्ष घालतो’ असे कळवले आणि ताई उत्तराची वाट पाहत राहिल्या. उत्तर आले तेव्हा ४५ दिवस उलटून गेले होते. साहेबांशी चाललेली बोलणी, मनुष्यबळ विभागाला पाठवलेला मेल, छळविरोधी कक्षाकडे केलेली नोंद किंवा युनियनची तक्रार, यांतल्या कशानेही ही मुदत थांबत नाही. समेटाचे प्रयत्न जरूर करा, पण समुपदेशकाकडे नाव नोंदवून मग करा.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे खटला भरणे नव्हे. या टप्प्यावर आपले नाव गुप्त ठेवा असे सांगण्याचा हक्क आहे. मेलने कळवा आणि त्यात ‘मला ईईओ प्रक्रिया सुरू करायची आहे’ हे वाक्य स्पष्ट लिहा.

दुसरी मुदत: १५ दिवस

समुपदेशनाला साधारण ३० दिवस लागतात. लेखी संमतीने ते लांबवता येते, आणि मध्यस्थी स्वीकारली तर ९० दिवसांपर्यंत जाते. प्रश्न सुटला नाही तर औपचारिक तक्रार दाखल करण्याच्या हक्काची नोटीस मिळते. ती मिळाल्यापासून फक्त १५ दिवस हातात असतात. शेवटचा दिवस शनिवारी, रविवारी किंवा फेडरल सुट्टीला आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. २० जून २०२५ ला नोटीस मिळाली असती, तर पंधरावा दिवस ५ जुलै, शनिवार. म्हणून तक्रार सोमवार ७ जुलैपर्यंत चालली असती.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. नोटीस घरी आली आणि घरातल्या जाणत्या माणसाने सही करून घेतली, तर ती तुम्हालाच मिळाली असे सहसा धरले जाते. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आलेले असतात. दारात आलेले पाकीट ते काळजीने कपाटात ठेवून देतात आणि चार दिवसांनी आठवण झाली की हातात देतात. ते चार दिवस पंधरातूनच गेलेले असतात. पाकीट फेकू नका आणि मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.

पुढचे टप्पे

तक्रार स्वीकारल्यावर तपास खात्याने करायचा असतो, त्याला साधारण १८० दिवस मिळतात. तपासाची फाइल आणि नोटीस आली, की ३० दिवसांत ठरवायचे: आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी हवी, की खात्याचाच निर्णय हवा. खात्याच्या अंतिम निर्णयावर आयोगाकडे अपील करायलाही ३० दिवस. जिल्हा न्यायालयात जायचे तर अंतिम निर्णय मिळाल्यापासून ९० दिवस. तपास चालू असताना सूडाची नवी घटना घडली, तर जुन्या तक्रारीत ती जोडण्याची मागणी लगेच लेखी करा.

बडतर्फीसारख्या कारवाईत मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडेही जाता येते. तिथली मुदत साधारण ३० दिवसांची. तुमच्या युनियनच्या करारात भेदभावाचा विषय येत असेल, तर लेखी युनियन तक्रार किंवा औपचारिक ईईओ तक्रार यांतली जी आधी दाखल होईल तीच तुमची निवड ठरते. समुपदेशकाला नुसते भेटल्याने मात्र ही निवड होत नाही.

राजीनामा आणि उशीर

छळाला कंटाळून राजीनामा देण्याची वेळ आली, तर मुदत केव्हापासून धरायची? कोलोरॅडोतल्या मार्विन ग्रीन या पोस्टमास्तरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याचे उत्तर दिले: राजीनाम्याची सूचना दिली त्या दिवसापासून. नोकरीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

उशीर माफ होऊ शकतो, पण कारण भक्कम लागते. मुदतीची माहितीच दिली गेली नव्हती किंवा आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जमले नाही, हे दाखवावे लागते. नवीन कर्मचाऱ्याला ९० दिवसांत या हक्कांचे प्रशिक्षण देणे खात्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे त्या प्रशिक्षणाच्या नोंदीत नाव असले, की ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे अवघड होते. १९९० च्या आयर्विन खटल्यात आयोगाची नोटीस वकिलाच्या कार्यालयात पोचली तेव्हा वकील परदेशात होते. दावा ४४ दिवसांनी दाखल झाला, तेव्हाची मुदत ३० दिवसांची होती. मुदत काही प्रसंगी शिथिल होऊ शकते हे न्यायालयाने मान्य केले, पण असल्या साध्या हलगर्जीला सवलत नाही म्हणून दावा फेटाळला. वकील दिला म्हणून निर्धास्त राहू नका, तारखा स्वतःही लिहून ठेवा.

आजच करायची कामे

आपल्या खात्याच्या ईईओ कार्यालयाचा फोन आणि मेल घरच्या फोनमध्ये साठवा. खटकणारी घटना घडली की त्याच रात्री तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे स्वतःच्या वहीत लिहा. कामाच्या मूल्यमापनाच्या प्रती नियमात बसेल तशा सांभाळा. भारतात जायचे असेल तर टपाल कोण पाहणार हे ठरवा.

भेदभाव झाला की नाही याची मनाशी खात्री करत बसू नका. ती तपासातून होईल. शंका आली तर ४५ दिवसांच्या आत समुपदेशकाला मेल करा, आणि नवीन कुणी रुजू झाले की हा आकडा त्यालाही आवर्जून सांगा.